विद्येची निर्यात आणि शेजारधर्म

चहा, साखर, कापड आणि औषधे ह्यांच्या निर्यातीचे आकडे वाचण्याची सवय आपल्या लोकांस फार दिवसांची आहे. त्या यादीत आता उच्च शिक्षणाची भर पडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चांगल्या भारतीय विद्यापीठांनी परदेशांत शाखा काढाव्यात असा आग्रह धरला, आणि त्याच ओघात भारताने ‘विश्वगुरू’ ही आपली जुनी भूमिका पुन्हा प्राप्त करून घ्यावी अशी आकांक्षाही बोलून दाखविली. त्यानंतर मद्रासच्या आय. आय. टी. ने २०२३ साली झांझिबारमध्ये आणि दिल्लीच्या आय. आय. टी. ने २०२४ साली अबू धाबीत वर्ग सुरू केले. ह्या दोन्ही उपक्रमांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु गुरुपदाची परीक्षा समुद्रापलीकडे होण्यापूर्वी ती घराच्या उंबरठ्यावर व्हावी लागते. आणि आपला उंबरठा रक्सौल, सोनौली आणि जोगबनी येथे आहे. १९५० च्या तहानंतर खुल्या राहिलेल्या ह्या सीमेवरून नेपाळचा विद्यार्थी व्हिसावाचून येतो, कोणत्याही गावी खोली घेतो आणि आपल्या मुलांच्या शेजारी बाकावर बसतो. आपण त्याला काय शिकवितो, त्याच्याकडून काय घेतो आणि त्याला कसे वागवितो ह्यावरच विद्येचे व्यापारी म्हणून आपली पत ठरणार आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते, आणि त्यांपैकी शेकडा २८ एकट्या नेपाळचे होते. त्याखालोखाल अफगाणिस्तानचा वाटा शेकडा सातच्याही आत होता. म्हणजे आपल्या शैक्षणिक निर्यातीचे मोठ्यात मोठे गिऱ्हाईक हा आपला लहान आणि गरीब शेजारी आहे. त्याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थिसंख्या ४ कोटी ३३ लाख होती; म्हणजे आपल्याकडे हजार विद्यार्थ्यांमागे परदेशी विद्यार्थी जेमतेम एक पडतो. विश्वगुरुपदाच्या गर्जना करणाऱ्यांनी हा आकडा नित्य डोळ्यांसमोर ठेवावा. ज्याच्या पाठशाळेत हजारात एकच बाहेरचा शिष्य आहे, त्याने त्या एका शिष्याची किती काळजी घ्यावयास हवी होती!

ती काळजी किती घेतली जाते ह्याचा पुरावा २०२५ च्या फेब्रुवारीत भुवनेश्वर येथे मिळाला. तेथील एका मोठ्या खाजगी विद्यापीठाच्या वसतिगृहात एक नेपाळी विद्यार्थिनी मृतावस्थेत आढळली. छळाची तक्रार तिने संस्थेकडे आधीच केली होती असे पुढे बाहेर आले. तिच्या देशबांधवांनी न्याय मागितला, तेव्हा शेकडो नेपाळी विद्यार्थ्यांना वसतिगृह सोडण्याचा हुकूम झाला आणि त्यांपैकी कित्येकांना वाहनांत बसवून कटकच्या रेल्वे स्थानकावर नेऊन सोडण्यात आले. आमची संस्था गरीब मुलांच्या जेवणावर जेवढा खर्च करते तेवढा तुमच्या देशाचा अर्थसंकल्पही नाही, अशा अर्थाचे उद्गार एका महिला कर्मचाऱ्याने काढल्याचे सर्व जगाने ऐकले. काठमांडूत क्षोभ उसळला, नेपाळच्या पंतप्रधानांना लक्ष घालावे लागले, वकिलातीचे अधिकारी धावून गेले. पुढे संस्थेने क्षमा मागितली आणि काही कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. परंतु त्याच विद्यापीठातील आणखी एक नेपाळी विद्यार्थिनी मे महिन्याच्या आरंभी मृतावस्थेत आढळली. ह्या प्रकरणांतील गुन्ह्याचा निवाडा न्यायालये करतील. आम्हांस येथे बोलावयाचे आहे ते त्या उद्गारामागील मनोवृत्तीविषयी. शुल्क पुरे घ्यावयाचे आणि वर उपकाराची भाषा बोलावयाची, हा व्यापार नव्हे आणि दानही नव्हे. व्यापारी गिऱ्हाइकाला मान देतो. दाता मुकाट्याने देतो. येथे दोहोंपैकी एकाचाही धर्म पाळला गेला नाही.

नेपाळशी आपला विद्याव्यवहार आजकालचा नाही. काठमांडूचे त्रिचंद्र महाविद्यालय १९१८ साली निघाले, ते प्रथम कलकत्ता विद्यापीठाला आणि नंतर पाटणा विद्यापीठाला जोडलेले होते. ते सुरू करताना चंद्र शमशेर राणांनी आपण स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेत आहोत असे म्हटल्याची आख्यायिका आहे. आख्यायिकेचे खरेखोटे काहीही असो, तिच्यातील भीती खरी ठरली. राणांच्या राजवटीला ज्यांनी आव्हान दिले त्यांतील पुष्कळसे तरुण काशी आणि कलकत्ता येथे शिकून तयार झाले होते. नेपाळचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान बिश्वेश्वरप्रसाद कोईराला हे काशीचेच विद्यार्थी. आणि २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूतील तरुणांच्या उठावानंतर ज्यांच्याकडे अंतरिम पंतप्रधानपद आले त्या सुशीला कार्की ह्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयातूनच एम. ए. ची पदवी घेतली होती. सत्तर-ऐंशी वर्षांच्या ह्या देवाणघेवाणीची किंमत कोणत्या निर्यातपत्रकात मांडणार? तेव्हा तिला निर्यात असे कोणी म्हणत नव्हते, आणि नफ्यातोट्याचा ताळेबंदही कोणी लिहीत नव्हते. तरीही भारताला जे मिळाले ते कोणत्याही परकी चलनाने मिळाले नसते.

परंतु ह्या जुन्या व्यवहाराचेही केवळ गोडवे गाणे बरोबर होणार नाही. ज्या देशाच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम पाटण्यात ठरतो आणि उत्तरपत्रिकाही पाटण्यात तपासल्या जातात, त्या देशाला आपला इतिहास, आपली भाषा आणि आपल्या गरजा अभ्यासक्रमात शोधाव्या लागतात. हे दुःख महाराष्ट्राला परके नाही. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते प्रथम केवळ परीक्षा घेणारे यंत्र होते. त्या विद्येने आमचे डोळे उघडले हे खरे, पण त्या विद्येतून काय घ्यावे आणि काय टाकावे हे ठरविण्यासाठी आपल्या माणसांना आपल्या संस्था काढाव्या लागल्या. १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ चे फर्ग्युसन महाविद्यालय ह्यांचा जन्म त्याच गरजेतून झाला. नेपाळनेही १९५९ साली त्रिभुवन विद्यापीठ स्थापन केले आणि १९७१ च्या राष्ट्रीय शिक्षण योजनेने सारी व्यवस्था नेपाळी मुशीत ओतण्याचा यत्न केला. तेव्हा आपल्याकडे काही जणांना ती कृतघ्नता वाटली. वस्तुतः जी गोष्ट आम्ही लंडनच्या बाबतीत केली तीच नेपाळने पाटण्याच्या बाबतीत केली. एकीला स्वाभिमान आणि दुसरीला कृतघ्नता म्हणणे हा न्याय नव्हे.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, सेवांच्या व्यापाराचा करार अमलात आला आणि शिक्षण ही सेवा ठरली. त्या कराराच्या भाषेत सेवा चार वाटांनी सीमा ओलांडते. धडा पत्राने किंवा तारेने जातो, विद्यार्थी येतो, संस्था जाऊन तेथे शाखा काढते, किंवा शिक्षक स्वतः जातो. नेपाळच्या बाबतीत आपण ह्या चारही वाटा चोखाळल्या आहेत. त्यांपैकी तिसरी वाट, म्हणजे संस्थेने जाऊन तेथे घर करणे, ही आज सर्वांत आकर्षक मानली जाते. म्हणून तिच्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

ह्या वाटेची दोन उदाहरणे नेपाळातच, जवळजवळ एकाच वेळी घडली, हा योगायोग बोधप्रद आहे. पूर्वेकडील धरान येथे १९९३ साली बी. पी. कोईराला आरोग्यविज्ञान संस्था स्थापन झाली. ती भारत सरकारच्या साहाय्याने उभी राहिली; पुढे १९९८ साली नेपाळने तिला स्वायत्त विद्यापीठाचा दर्जा दिला, आणि आज ती सर्वस्वी नेपाळची संस्था आहे. पश्चिमेकडे पोखरा येथे १९९४ साली मणिपालच्या संस्थेने काठमांडू विद्यापीठाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय काढले. ते शुल्कावर चालणारे, खाजगी. नेपाळातील ह्या जातीचे पहिले. पहिले उदाहरण साहाय्याचे, दुसरे व्यापाराचे. साहाय्य तेवढे पवित्र आणि व्यापार तेवढा पापी असा सोपा निवाडा करण्याचा मोह येथे कोणासही होईल. तो आम्ही टाळू इच्छितो. पोखऱ्याच्या महाविद्यालयाबरोबर त्या शहराला मोठे रुग्णालय मिळाले, आणि एरवी परदेशी गेले असते असे विद्यार्थी घरच्याजवळ डॉक्टर झाले. इतकेच नव्हे, तर भारतातील आणि श्रीलंकेतील मुलेही तेथे शिकावयास गेली. शुल्क घेतले म्हणून विद्या नासत नाही.

मग बिघडते कोठे? ह्याचे उत्तर नेपाळच्याच पुढच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात आहे. एका महाविद्यालयाच्या पाठोपाठ अनेक निघाली, वैद्यकीय जागांना भाव आले, आणि संलग्नता देण्याचा अधिकार हा राजकारणातील सोन्याची कोंबडी ठरला. ह्यात दोष केवळ परकी भांडवलाचा नव्हता. देशी भांडवल आणि देशी पुढारी त्यात पुढे होते. त्याविरुद्ध उभा राहिला तो त्रिभुवन विद्यापीठाच्या अध्यापन रुग्णालयातील एक अस्थिरोगतज्ज्ञ. डॉक्टर गोविंद के. सी. ह्यांनी २०१२ पासून वैद्यकीय शिक्षणाच्या शुद्धीसाठी एकामागून एक उपोषणे केली. केदारभक्त माथेमा ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने काठमांडूच्या खोऱ्यात दहा वर्षे नवे वैद्यकीय महाविद्यालय काढू देऊ नये अशी शिफारस केली, आणि कायदा पुढे झाला तो सत्याग्रहीचा देह झिजल्यानंतर. गांधीजींच्या देशातील आम्हां लोकांना ह्या कथेत दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील : उपोषणाचे शस्त्र, आणि ज्या रोगावर ते उचलले गेले तो रोग. देणगीच्या नावाखाली जागा विकण्याची विद्या महाराष्ट्राला कोणाकडून आयात करावी लागलेली नाही. ती आपण निर्यात करू नये, एवढीच प्रार्थना आहे.

येथे व्यवहारवादी वाचक म्हणेल की, हे सारे ठीक. पण भारत काही श्रीमंत देश नाही. आपल्याच विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. अशा स्थितीत शेजाऱ्याला फुकट शिकविणे आपल्याला परवडेल काय? शिवाय नेपाळी तरुण पैसे मोजावयास तयार आहे. २०२२-२३ आणि त्यापुढील वर्षी एक लाखाहून अधिक नेपाळी विद्यार्थ्यांनी परदेशी शिक्षणासाठी आपल्या सरकारकडून ना-हरकत पत्रे घेतली. ते ऑस्ट्रेलियाला, जपानला, कॅनडाला जातात. आपण दार लावून घेतले तर ते दुसरीकडे जास्त पैसे देतील. हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकाला पगार लागतो, प्रयोगशाळेला काच लागते, वसतिगृहाला छप्पर लागते; आणि हाताला खडूची पूड लागलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. विद्येचे मूल्य घेण्यास आमचा विरोध नाही. मात्र त्या मूल्याच्या बदल्यात काय दिले जाते हे तपासण्याची सोय असावी असा आमचा आग्रह आहे.

कारण विद्या हा इतर मालासारखा माल नाही. कापड विटले तर ते परत करता येते. चहा कडू निघाला तर पुढच्या वेळी दुकान बदलता येते. निकृष्ट पदवीचा दोष मात्र घेणाऱ्याला कळतो तो चार वर्षे आणि बापाची जमीन खर्ची पडल्यावर, नोकरीच्या दारात. गेलेली चार वर्षे कोणताही ग्राहक-न्यायालय परत देत नाही. त्यातून नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० ह्या दराने बांधलेला आहे. आपण लाख रुपये शुल्क म्हणतो तेव्हा तेथील शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरातून एक लाख साठ हजार बाहेर पडतात. खरेदीदार अननुभवी आहे, माल पारखता येत नाही आणि किंमत त्याला जबर पडते. अशा बाजारात विक्रेत्याच्या सचोटीवाचून दुसरे संरक्षण उरत नाही. आणि ज्या बाजारात सचोटीखेरीज संरक्षण नाही तेथे कायद्याने संरक्षण निर्माण करणे हे दोन्ही सरकारांचे कर्तव्य आहे.

हा कायदा कसा असावा हे शोधण्यासाठी दूर जावयास नको. २०२३ साली आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने परकी विद्यापीठांना भारतात शाखा काढू देण्याचे नियम केले. त्यांत आपण बजावले की, येणारी संस्था जगातील पहिल्या पाचशेंमधील असावी, आणि येथे दिलेली पदवी तिच्या मायदेशातील पदवीच्या तोडीची मानली गेली पाहिजे. उत्तम. आपण गिऱ्हाईक झालो तेव्हा आपल्याला ह्या अटी सुचल्या. आपण विक्रेते होतो तेव्हा त्याच अटी स्वतःला लावून घेण्यास काय हरकत आहे? आम्हांस तर वाटते की, नेपाळ, भूतान, बांगला देश किंवा श्रीलंका ह्यांपैकी कोठेही जाणाऱ्या भारतीय संस्थेसाठी सरकारने पुढील चार बंधने घालावीत.

पहिले हे की, जी संस्था घरी उत्तम ठरलेली नाही तिला सीमेपलीकडे भारताच्या नावाची पाटी लावता येऊ नये. आणि पदवी, परीक्षा व अध्यापकांची पात्रता दोन्हीकडे एकच असावी. दुसरे असे की, शाखेतील अध्यापक ठरावीक मुदतीत त्या देशातीलच तयार झाले पाहिजेत. दहा वर्षांनंतरही जेथे प्रत्येक प्राध्यापक बाहेरून आणावा लागतो तेथे विद्यालय रुजले असे म्हणता येत नाही. तिसरे, काही जागा कर्णाली खोऱ्यातील आणि मधेशातील निर्धन विद्यार्थ्यांसाठी राखल्या जाव्यात, आणि त्यांचा भार उरलेल्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर न टाकता दोन्ही सरकारांनी उचलावा. आय. टी. ई. सी. ह्या योजनेखाली भारत १९६४ पासून विकसनशील देशांतील लोकांना तांत्रिक शिक्षण देत आला आहे. त्या परंपरेला हे धरूनच आहे. चौथे बंधन विषयांचे. व्यवस्थापन आणि संगणक ह्यांचे वर्ग काढणे सोपे असते, कारण त्यांना खडू आणि पडदा पुरतो. परंतु नेपाळला गरज आहे ती जलविद्युत् अभियंत्यांची, वनशास्त्रज्ञांची, पशुवैद्यांची आणि भूकंपातही टिकतील अशी घरे बांधणाऱ्यांची. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने तेथे सुमारे नऊ हजार माणसे गेली. रुडकीला भूकंप-अभियांत्रिकीचे अध्यापन १९६० पासून चालू आहे. हिमालयाच्या दोन्ही अंगांना एकच भूकंपपट्टा आहे. मग ही विद्या पोखऱ्यात किंवा धनगढीत जाऊन शिकविण्यासारखी दुसरी सेवा कोणती?

जो विद्यार्थी इकडे येतो त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट. त्याला दाद मागण्याचे ठिकाण हवे. ज्या संस्थेविरुद्ध तक्रार आहे त्याच संस्थेच्या कचेरीत तक्रार नोंदविणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी संस्थेबाहेरचा, राज्यवार नेमलेला आणि त्यांच्या वकिलातीशी थेट संबंध ठेवणारा अधिकारी असावा, आणि त्याचे नाव व पत्ता प्रवेशपत्रावरच छापलेला असावा. ह्याला मोठा खर्च नाही. लागते ती लाज राखण्याची इच्छा.

महाराष्ट्राने ह्या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ज्या राज्यांत मोठी आहे त्यांत आपले राज्य आहे, आणि पुण्याला तर विद्येचे माहेरघर म्हणवून घेण्याची हौस आहे. त्या पुण्यात १९७१ साली वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार ह्यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाची आणि आबाळीची दखल घेऊन सिंबायोसिस ही संस्था काढली. आधी आपुलकी आणि मग विद्यालय, हा तिच्या जन्माचा क्रम होता. आज पुण्यात आणि मुंबईत परदेशी विद्यार्थी दिसला की खोलीचे भाडे वाढते आणि अनामत दुप्पट होते. ईशान्य भारतातील आपल्याच मुलांना जेथे चेहऱ्यावरून परके ठरविले जाते, तेथे नेपाळी मुलाला ‘बहादूर’ ह्या हाकेपलीकडे नाव नसते. सरकारी नियमांनी हे बदलणार नाही. हे काम घरमालकांचे, शेजाऱ्यांचे, खाणावळवाल्यांचे आणि वर्गातील सहाध्यायांचे आहे. म्हणजेच आमच्या वाचकांचे आहे. माहेरघर म्हणावयाचे तर तेथे येणाऱ्याला माहेरची वागणूक मिळाली पाहिजे, एवढे भाषाज्ञान तरी आपण दाखवावे.

शेवटी भूतानकडे पहावे. तेथील कांगलुंगचे शेरुब्त्से महाविद्यालय १९८३ साली दिल्ली विद्यापीठाला जोडले गेले. भारतीय अध्यापक तेथे जाऊन शिकवीत, आणि पदवीवर दिल्लीची मुद्रा असे. वीस वर्षे हा क्रम चालला. २००३ साली भूतानने आपले स्वतःचे राजकीय विश्वविद्यालय स्थापन केले आणि शेरुब्त्से त्यात गेले. व्यापाराच्या हिशेबाने पाहिले तर दिल्लीने एक गिऱ्हाईक गमावले. विद्येच्या हिशेबाने पाहिले तर दिल्लीचे काम पुरे झाले. आपला विद्यार्थी पुढे आपल्याचकडे शिकवणी लावून राहावा असे ज्या गुरूला वाटते तो शिकवणीवाला. विद्यार्थी स्वतः शिकवू लागला की ज्याला समाधान होते तो शिक्षक. परदेशी जाणाऱ्या भारतीय विद्यापीठांनी ह्यांपैकी कोण व्हावयाचे ते रक्सौलचा पूल ओलांडण्यापूर्वीच ठरवावे, आणि सरकारनेही परवाना देण्यापूर्वी त्यांना तेवढे एकच विचारावे : तुमची गरज तेथे किती वर्षांनी संपेल? ज्या संस्थेजवळ ह्या प्रश्नाचे उत्तर असेल तिला खुशाल जाऊ द्यावे.